साडेअठ्ठावीस अंशांवरचं ऊन

आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याचे अक्षांश निघत. बाबा विचारत, "मूळचे कुठले?" समोरचा म्हणाला साताऱ्याचा, की ते डोळे बारीक करून छताकडे बघत आणि सांगत, "म्हणजे सतरा अंश आणि वर चाळीस मिनिटं." पाहुण्याला वाटे, काहीतरी पत्रिकेचं चाललंय, एकदा तर एका गृहस्थांनी घाईघाईने आपली जन्मवेळही सांगून टाकली होती. बाबा नकाशांच्या एका सरकारी कचेरीत होते. ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि पुढे अधिकारी झाले, पण बढतीनंतरही बोटाला शाईचा डाग पडल्याशिवाय त्यांना ऑफिसला गेल्यासारखं वाटायचं नाही. जगातली कुठलीही जागा त्यांच्या लेखी आधी आकडा होती आणि मग गाव. स्वतः पुण्याचे, म्हणून साडेअठराचे. आई मालवणची, म्हणून सोळाची. "ही सोळाची, मी साडेअठराचा, लग्न करून सरळ दिल्लीला आलो," असं ते कौतुकाने सांगायला लागले की नवखी माणसं आईकडे फार दयेने बघत आणि आई कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात निघून जाई.

आमचं क्वार्टर सरोजिनी नगरात होतं, तळमजल्यावर. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या पलीकडे चार बिऱ्हाडांत मिळून एक हिरवळीचा तुकडा. बाहेरच्या खोलीत जगाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर बाबांनी दिल्लीतून जाणारी एक आडवी रेघ तांबड्या पेन्सिलीने ओढलेली होती. ही रेघ साडेअठ्ठावीस अंशांवरून जगभर फिरून परत आमच्याकडे येई. जेवताना बाबा मला त्या रेघेवरून हिंडवून आणत. "बघ नंदू, ह्या एका रेघेवर सहारा आहे, हिमालयातला बर्फ आहे, अमेरिकेतल्या संत्र्यांच्या बागा आहेत आणि आपलं सरोजिनी नगर आहे. सूर्य सगळ्यांना सारख्याच कोनातून बघतो. बाकी समुद्र किती लांब, डोंगर किती उंच, त्यावरून कोण कसं राहणार ते ठरतं." मग आमटीचा भुरका मारून ते त्यांचं आवडतं वाक्य टाकत, की पुण्यात वर्षातून दोन दिवस भर दुपारी माणसाची सावली पायाखाली जाते, दिल्लीत ती कधीच जात नाही. इथे सूर्य दुपारी नेहमी दक्षिणेलाच असतो. जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर, डिसेंबरात पार खाली उतरलेला, पण दक्षिणेलाच. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की कॉलेजात भूगोलाच्या मॅडमनी तेच शिकवलं तेव्हा मला आमटीचा वास आला.

आईला ह्यातलं काही पाठ नव्हतं, पण दहा-बारा अंशांचा फरक काय असतो ते घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मालवणात तिच्या माहेरी कुणाकडे स्वेटर नव्हता. दिल्लीच्या पहिल्या हिवाळ्यात तिला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी आजार झालाय आणि नवरा संकोचाने सांगत नाहीये. पुढे खरंच झाला. चाळिशी उलटली आणि तिला संधिवाताने धरलं. नोव्हेंबर लागला की तिची बोटं सुजून लाल होत, सकाळी मूठ वळत नसे. कणिक मी भिजवायची, डब्यांची झाकणं बाबांनी उघडायची, वेणी शेजारच्या सूद आंटींनी घालायची. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसातली टायपिस्टची नोकरी तिने ह्या बोटांपायी सोडली आणि त्याबद्दल ती कधी बोलली नाही. फक्त कुणाच्या घरी टाइपरायटरचा आवाज आला की थोडा वेळ ऐकत उभी राही. सरोजिनी नगरच्या बाजारात परदेशी पाठवायच्या कपड्यांतला नाकारलेला माल ढिगाने यायचा, त्यातून बाबा तिच्यासाठी लोकरी मोजे शोधून आणत आणि आतली चिठ्ठी वाचून म्हणत, "हे साठ अंशांवरच्या बाईसाठी विणलेले आहेत, ह्यात तुला घाम फुटेल." घाम कधी फुटला नाही. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या देऊन झाल्यावर शेवटी हात जोडले होते. म्हणाले, "बहनजी, धूप में बैठिए. जितनी मिले उतनी धूप. इससे अच्छी दवाई मेरे पास नहीं है."

आणि ते औषध दिल्लीत चारचौघींत बसून घ्यायचं असतं. सकाळी दहाच्या सुमाराला, धुकं फाटलं की, ब्लॉकमधल्या बायका आपापल्या खाटा हिरवळीवर आणत. ऊन सरके तशा खाटा सरकत. खाटेवर मटारचा ढीग, मुळे, मीठ आणि लिंबू, संत्री, भुईमुगाच्या शेंगा, विणकाम. मटार सोलायला बसलेल्या पाचजणींनी निम्मे मटार खाऊन टाकायचे आणि मग भाजी पुरत नाही म्हणून बटाटा घालायचा हा रोजचा क्रम. सूद आंटी ह्या सभेच्या अध्यक्ष. थोराड बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि हात इतके गरम की जानेवारीतही त्यांनी आईची बोटं धरली की आई डोळे मिटून घेई. "की होया, मिसेस, तुसी तो बर्फ हो गए!" असं म्हणत त्या आईचे हात स्वतःच्या शालीत ओढून घेत आणि मग अर्धा तास सुनेची निंदा करत. आईने त्यांना घावन शिकवले, त्यांनी आईला गाजराचं काळं पाणी शिकवलं, जे बरणीत घालून उन्हात चार दिवस ठेवायचं आणि आंबलं की प्यायचं. दुपारी एकपर्यंत आईची मूठ वळायला लागे. मी कॉलेजातून आले की ती मला लांबूनच हात वर करून बोटं उघडमीट करून दाखवी. आज जमतंय, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी संध्याकाळी भाकरी मिळायची.

आता मी गुरगावला एकविसाव्या मजल्यावर राहते. तिन्ही बाजूंना काचा. उन्हाळा असो वा हिवाळा, भिंतीवरचं यंत्र आत चोवीस अंश ठेवतं, आणि बिल्डरच्या माहितीपत्रकात घर कुठल्या दिशेला आहे त्यापेक्षा ते पोहण्याच्या तलावाच्या बाजूला आहे हे मोठ्या अक्षरांत होतं. डिसेंबरात बाहेर असा काही धूर साचतो की सूर्य कुठे आहे हे मोबाइलला विचारावं लागतं. शेजारी कोण राहतं ते मला नावाने माहीत आहे, तेही दारावर पाटी आहे म्हणून. तक्रार नाही, गुडघ्यांना लिफ्ट बरी पडते. पण मटार मी सोललेले विकत आणते आणि ते कधी कमी पडत नाहीत.

तर बाबांची निवृत्ती जवळ आली. क्वार्टर सोडावं लागणार. दिल्लीतल्या मराठी माणसाने अशा वेळी करायची गोष्ट ठरलेली होती: सामान बांधायचं आणि पुण्याला जायचं. पुण्याहून आत्याची पत्रं सुरू झाली, की आता पुरे झाली ती दिल्ली, परत या, हवा किती छान आहे इकडे. बाबा सगळं पत्र मोठ्याने वाचून आईकडे बघत. एका रात्री जेवताना आई म्हणाली, "पुण्यात ऊन आहे हो, पण उन्हात बसायला कोण आहे? तिथे ऊन लागलं की बायका छत्री उघडतात." बाबा हसले, मग थांबले. तिने एवढ्या वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती, हे त्यांना कळायला अर्धी पोळी जावी लागली.

त्याच सुमाराला सगळ्या दिल्लीला यमुनेपलीकडे घरं दिसायला लागली होती. नव्या कंपन्या येत होत्या, केबलवर परदेशी मालिका, नाक्यावर एसटीडीचे पिवळे बोर्ड, आणि ऑफिसात डबा खाताना जो तो नोएडाचं नाव घेत होता. बाबांच्या खात्यातल्या आणि आसपासच्या खात्यांतल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती. सूद अंकल तिचे सभासद, आमच्या ब्लॉकमधली आणखी दोन बिऱ्हाडं सभासद. म्हणजे खाटा यमुना ओलांडून जाणार होत्या. आईसाठी बाबांनीही नाव घातलं. बांधकाम सुरू व्हायच्या आधी ते एकदाच जागा बघून आले होते, तेही जानेवारीच्या दाट धुक्यात. परत येऊन म्हणाले, "छान आहे. काही दिसलं नाही." आपल्या ऑफिसच्या नकाशात तिथे अजून शेत आणि एक विहीर आहे, हेही त्यांनी गमतीने सांगितलं.

मग एक दिवस सोसायटीच्या आराखड्याची झेरॉक्स घरी आली. एका कागदावर दोन रांगा: वरची रांग बागेकडे तोंड करून, खालची रांग गेटाकडे तोंड करून. प्रत्येकाने आपली पसंती लिहून द्यायची आणि एका रांगेला जास्त माणसं झाली तर चिठ्ठ्या टाकायच्या. बाबांनी कोनमापक काढला, पट्टी काढली, ऑफिसातून उरलेल्या कागदांवर तीन संध्याकाळी गणितं केली. दिल्लीत सगळ्यात लहान दिवशी दुपारी सूर्य अडतीस अंशांवर असतो. गॅलरीचं छत नऊ फुटांवर, गॅलरी चार फूट रुंद. म्हणजे ऊन गॅलरी ओलांडून खोलीत सात-साडेसात फूट आत येणार, आणि जूनमध्ये गॅलरीच्या कठड्याशीच थांबणार. "दक्षिणेचं घर म्हणजे हिवाळ्यात शेगडी आणि उन्हाळ्यात माठ," ते म्हणाले. "आणि गंमत म्हणजे लोकांना दक्षिण नको असते. यमाची दिशा म्हणे! आपल्याला न मागता मिळणार बघ." त्यांनी अर्जावर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं: खालची रांग.

पण झालं भलतंच. खालच्या रांगेवर उड्या पडल्या. जागा चोवीस आणि अर्ज पन्नासाच्या वर. मला वाटतं, ऑफिसच्या त्या सगळ्या वर्षांत बाबांना मी इतकं खूश पाहिलं नव्हतं. आपल्याला स्पर्धा झाली ह्याचं त्यांना वाईट वाटलंच नाही. लोकांना अक्कल आली ह्याचा आनंद झाला. "देश बदलतोय, नंदू! दक्षिण मागतायत लोक! हे खरं उदारीकरण!" चिठ्ठ्यांच्या दिवशी त्यांचं नाव निघालं, तिसऱ्या मजल्यावरचं घर. सूद अंकलचंही त्याच रांगेत निघालं. बाबांनी अर्धा किलो बर्फी आणली आणि आईला खोलीच्या मध्यभागी उभं करून, जमिनीवर खडूने रेघ ओढून दाखवलं, की डिसेंबरात बारा वाजता ऊन इथपर्यंत. तुझी खुर्ची इथे. आई त्या रेघेच्या आत जाऊन खुर्ची असल्यासारखी खाली वाकली आणि पडता पडता वाचली, आणि आम्ही तिघं पोट दुखेपर्यंत हसलो.

दिवाळीच्या आधी आईला ओट्याची उंची बघायची होती. बाबा यायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की नकाशा असताना जागेवर जाणं म्हणजे तिकीट असताना रुळांवरून चालणं. म्हणून आई आणि मी गेलो, दोन बसा बदलून. सोसायटीच्या आवारात वाळूचे ढीग, मजुरांची पोरं, एक कुत्रं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर चढलो. ओटा बरोबर होता. मग आई गॅलरीत गेली. दुपारचे साडेबारा वाजले असतील. गॅलरीत ऊन नव्हतं. खोलीत नव्हतं. भिंतीला हात लावला तर ओल असल्यासारखी गार. आई कठड्याशी उभी राहून इकडे तिकडे बघत म्हणाली, "नंदू, सूर्य कुठे गेला गं?"

मी मागच्या बाजूच्या न्हाणीघराच्या खिडकीतून बघितलं. सूर्य तिकडे होता, बागेवर, वरच्या रांगेवर, भरपूर. माझ्या पर्समध्ये झेरॉक्स होती. मी ती काढली आणि गेटासमोर धरली, मग हळूहळू उलटी फिरवली, आणि सगळं जागच्या जागी बसलं. आराखडा काढणाऱ्याने गेट खाली काढलं होतं, कारण गेट खाली काढलं की चित्र चांगलं दिसतं. कोपऱ्यातला उत्तरेचा बाण झेरॉक्स काढताना कापला गेला होता. बाकीच्या सभासदांनी स्कूटर काढून जागा बघितली होती आणि वास्तूला शुभ म्हणून उत्तरेकडची रांग मागितली होती. आणि बत्तीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाने, बाण नसला की वर उत्तर, ह्या आपल्या धंद्याच्या नियमाने, तीच खालची रांग दक्षिणेची धरली होती. खाली वॉचमन भेटला. मी विचारलं, ह्या बाजूला ऊन कधी येतं? तो म्हणाला, "इधर? सर्दी में तो आती ही नहीं जी. पर गर्मी में एकदम फर्स्ट क्लास."

जिन्यात आई बसली. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, तो खडू!" एवढंच तिला बोलता येत होतं. मग हसू ओसरलं आणि ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. बसस्टॉपवर आल्यावर म्हणाली, "त्यांना सांगायचं नाही."

"आई, वेड लागलंय का? अजून बदलता येईल. तुझे हात..."

"माझ्या हातांचं मी बघेन. खाली बाग आहे ना, जाईन खाली. चार महिन्यांवर निवृत्ती आलीये त्यांची. सबंध आयुष्यात त्या माणसाने एक नकाशा चुकवला नाही. तो शेवटचा, स्वतःच्या घराचा चुकवला, हे घेऊन त्यांना निवृत्त होऊ द्यायचं नाहीये मला."

"तिसऱ्या मजल्यावरून रोज खाली? सकाळी तुला कठडा तरी धरता येतो का?"

"नंदू, माझी शपथ आहे."

शपथेवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. पण आईने ती माझ्या अख्ख्या आयुष्यात एकदाच घातली, म्हणून मी गप्प बसले, आणि तो हिवाळा मला फार जड गेला. घरी कुणी आलं की बाबा खडूची रेघ पुन्हा ओढायचे. सूद आंटींना कोन समजावून सांगायचे. त्या म्हणायच्या, "भाईसाहब, मैंनू की पता, तुसी कहते हो तो आएगी धूप." आई पलीकडे बसून मान डोलवायची. मला बाबांचा राग यायचा, मग आईचा, मग दोघांबद्दलही एवढी माया दाटून यायची की मी उठून पाणी प्यायला जायची. एकदा मी नुसतं म्हटलं, "बाबा, एकदा जाऊन बघून या की." तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "भूगोल घेतलायस ना? मग?"

डिसेंबरच्या एका रविवारी सोसायटीची सभा जागेवरच भरली, सकाळी अकरा वाजता, आवारात मांडव घालून. किल्ल्या मिळायच्या आधीची शेवटची सभा, म्हणून सहकुटुंब यायचं होतं. बाबांनी निळा कोट घातला. बसमध्ये ते सगळ्यांना पेपरातली बातमी वाचून दाखवत होते. मी आणि आई एकमेकींकडे बघत नव्हतो. नशिबाने धुकं असेल अशी मला आशा होती. पण त्या दिवशी निजामुद्दीन येईपर्यंतच आकाश निळंशार झालं होतं.

गेटातून आत आलो आणि बाबांनी कोटाच्या आतल्या खिशातून झेरॉक्स काढली. इमारतीकडे बघितलं. कागदाकडे बघितलं. मग आकाशाकडे, डोळ्यांवर हात धरून. ऊन इमारतीच्या पाठीमागून येत होतं आणि इमारतीची लांब सावली आमच्या पायांवर पडली होती. त्यांनी कागद फिरवला. हळूच, कुणी झोपलेलं उठू नये तसा. आणि तसाच उलटा धरून ते उभे राहिले. मी त्यांना कधी म्हातारं बघितलं नव्हतं, त्या क्षणी बघितलं. सूद अंकलनी लांबून हाक मारली तेव्हा त्यांनी कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि आमच्याकडे न बघता जाऊन खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत बसले.

सभेत पाण्याची टाकी झाली, लिफ्टचा वाद झाला, समोसे झाले. शेवटी माथुर नावाचे एक बारीकसे गृहस्थ उठले. वरच्या रांगेत, म्हणजे बागेच्या बाजूला, त्यांचं घर निघालं होतं. चिठ्ठीत नाव आलं नाही म्हणून दक्षिण पदरी पडलेल्यांपैकी ते एक. त्यांची आई त्र्याऐंशी वर्षांची होती आणि तिने सांगून टाकलं होतं, दक्षिणेला तोंड असलेल्या घरात मी पाय ठेवणार नाही, मला गावी सोडून ये. "मैं बड़ी मुश्किल में हूँ," ते हात जोडून म्हणाले. "अगर कोई भाई बदल ले तो..." पन्नास जणांना हवी असलेली उत्तर कोण सोडणार? लोक समोशाच्या प्लेटांमध्ये बघायला लागले.

बाबांनी हात वर केला. "मी... मैं बदलूँगा."

मग काय! टाळ्या. माथुर तर धावत येऊन बाबांच्या पाया पडायला लागले. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, की असा त्याग आजकाल कोण करतो, मराठी लोगों का संस्कार ही अलग है, वगैरे. बाबांनी तिथेच बसून राहायचं, मान लववून नमस्कार करायचा, आणि प्रकरण कायमचं मिटलं असतं. घर मिळालं असतं, ऊन मिळालं असतं, आणि वर पुण्य. मला मनातून हायसं वाटलं. आईनेही सुस्कारा सोडला. आणि बाबा उठले आणि चालत माइकपाशी गेले.

"त्याग नहीं है," ते म्हणाले. त्यांचं हिंदी एवढ्या वर्षांनंतरही लक्ष्मी रोडवरचं होतं. "माथुरसाहब, पैर मत पकड़िए. मुझे साउथ ही चाहिए था. पहले दिन से. मैंने नक्शा उल्टा पढ़ा." कुणाला कळलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, मतलब? "मतलब मैं नक्शे बनानेवाला आदमी हूँ, बत्तीस साल से, और अपने घर का नक्शा मैंने उल्टा पढ़ा. नॉर्थ का ऐरो नहीं था. मुझे पूछना चाहिए था. मैंने पूछा नहीं. मेरी मिसेस को जोड़ों का दर्द है, उनको धूप लगती है. आप लोग ताली मत बजाइए."

कुठल्यातरी पोराला हसू फुटलं, मग मांडवभर हसणं पसरलं. दुष्ट नव्हतं ते. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. सूद आंटी मात्र उभ्या राहिल्या आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "तो फिर हम भी बदलेंगे जी! साडी धूप कित्थे ऐ?" आणि आमच्या वाट्याचं ऊन कुठे म्हणून सूद अंकलना कोपराने ढोसायला लागल्या.

सभा संपून, सह्या होऊन, बाहेर पडेपर्यंत चार वाजून गेले होते. ऊन उतरलं होतं. बसस्टॉप म्हणजे नुसता एक खांब, भोवती मोकळी शेतं, आणि सभेतलीच दहा-बारा माणसं बसची वाट बघत उभी. बोचरा वारा सुटला होता. बाबा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तुला आश्चर्य वाटलं नाही. गेटातून आत आल्यावर. मी बघत होतो."

आईने पदर खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

"कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी. ओटा बघायला आले होते ना."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही किती खुशीत होतात हो."

"म्हणजे तू तशीच राहणार होतीस? त्या थंडगार घरात? जन्मभर?" बाबांचा आवाज चढला. आईवर आवाज चढवलेला मी तो एकदाच ऐकला. "अक्कल आहे का तुला? अगं मी दुसऱ्या कशासाठी घेतोय ते घर? तुझे हात..." ते तसेच तिच्यासमोर वळले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. माझ्या आईवडिलांनी घराबाहेर एकमेकांना हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता; रस्त्याने जातानासुद्धा बाबा चार पावलं पुढे असत. ते तिची बोटं एकेक करून चोळायला लागले. अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग मधलं. शाईचा डाग काढतात तसे, जोर लावून, खाली मान घालून.

"अहो, लोक बघतायत," आई पुटपुटली. सोसायटीतली माणसं खरंच बघत होती. माथुरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"बघू देत."

बस आली. सगळे चढले. मी पायरीवर एक पाय ठेवून मागे बघितलं, तर त्या दोघांना बस आलीय हेच माहीत नव्हतं. कंडक्टरने पत्र्यावर हात मारला आणि ओरडला, "ओ अंकलजी, चलना है कि नहीं?"

मी पाय खाली घेतला आणि त्याला म्हटलं, "आप जाओ, भैया. हम अगली से आएँगे."